मागच्या मुक्कामावरून हाक

माझ्या नवऱ्याच्या, मर्व्हिनच्या, करवतीच्या साखळीला धार लावून आणायची होती. त्या दिवशीचं काम खरं तर एवढंच. धार लावणारा राहतो आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर, आणि मध्ये इमू वेल्सचं राखीव रान लागतं. मी डॉटला फोन केला, "येतेस का? जाता जाता वायर टांगू."

"केक ओव्हनमध्ये आहे," ती म्हणाली. "तो निघाला की मी निघते. गरम केक मांडीवर घेऊन बसेन, पण तू खड्डे चुकवून चालव. बसमधली पोरं नाही मी, आदळायला."

डॉट शिर्मर माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, तिने नवऱ्याबरोबर गहू पिकवला आणि मेंढ्या पाळल्या. नवरा गेल्यावर शेत विकून ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांत राहायला आली. आम्हा दोघींना हौशी रेडिओचा नाद, पण तिथे छपरावर एरियल लावायला बंदी. माझ्याकडे बंदी नाही, पण शेजाऱ्यांच्या छपरांवर सोलर पॅनेल आल्यापासून घरी रेडिओ लावला की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो, दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही दोघी रानात जायचो.

रानात काय, तर मासे धरायची लांब काठी उभी करायची, तिच्या टोकाला पातळ वायर बांधायची आणि खाली टेबलावर डब्याएवढा संच ठेवायचा. ताकद पाच वॉट. फ्रिजमधला दिवाही याहून जास्त वीज खातो. तेवढ्यावर मोर्सची टकटक करायची आणि बघायचं, कुठपर्यंत पोचतेय. कधी न्यूझीलंडचा कोणी ऐकायचा, कधी टास्मानियाचा. एकदा जपानमधून उत्तर आलं तेव्हा डॉट टेबलाभोवती नाचली होती. मर्व्हिन म्हणायचा, "फोनवर फुकट बोलता येतं की, बायांनो." त्याला काय सांगणार! इतक्या बारीक आवाजात हाक मारल्यावर कोणीतरी ओ देतं, त्याची मजा वेगळीच.

इमू वेल्सला त्या सकाळी आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. निलगिरीच्या पानांचा वास होता, ओल्या राखेचा वास होता, आणि गुलाबी काकाकुव्यांचा थवा पाणवठ्यावर भांडत होता. आम्ही वायर झाडाखाली नाही, मोकळ्यावर टांगली, कारण तांबड्या निलगिरीची फांदी कधी खाली येईल सांगता येत नाही. मी हाक दिली. पहिल्याच हाकेला उत्तर आलं.

सावकाश, स्वच्छ टकटक. हल्ली मोर्सचा असा हात ऐकायला मिळत नाही. प्रत्येक अक्षर नीट पुसून ठेवावं तसं.

'शुभ सकाळ. मी विल्फ. पाइन डॅमवर आहे.'

"पाइन डॅम?" डॉट म्हणाली. "अगं, मागच्या आठवड्यात आपण तिथेच होतो!"

मी त्याला कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची ओळख-खूण, विचारली. ती सांगायचा नियमच आहे. प्रत्येक परवानेवाल्याची स्वतःची असते. तो म्हणाला, 'विल्फ.' मी पुन्हा विचारली. तो म्हणाला, 'टाकीचा नळ गळतोय.'

डॉट हसायला लागली. "नळ गळतो खरा. माझे बूट भिजले नव्हते का? कोणी नवखा दिसतोय गं. परवाना मिळायच्या आधीच सुटलाय. छळू नकोस त्याला."

निरोप घेताना त्याने विचारलं, 'पुढे कुठे?'

मी सांगून टाकलं. लपवण्यासारखं काय होतं त्यात? 'लाँग लगून.'

पुढच्या वेळी लाँग लगूनला आम्ही काठी उभी केली, मी हाक दिली, आणि तोच हात. 'शुभ सकाळ. विल्फ. इमू वेल्सवर आहे.'

डॉटने भुवया उंचावल्या. "तुझ्या मागे लागलाय हा. मर्व्हिनला सांगू का?"

"गप गं. माझ्या कशाला, केकच्या वासावर आला असेल."

पण तो काय बोलतोय ते ऐकून मी हसायची थांबले. 'तुम्ही वायर ज्या खुंटीला बांधली होती ती अजून इथे आहे,' तो म्हणाला. 'तुमच्यानंतर कोणी आलं नाही.'

खुंटी आम्ही खरंच विसरलो होतो. डॉटने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते. ही लहानपणी कुंपणाखालच्या प्रत्येक बिळात हात घालायची, तशी अजून आहे.

"इमू वेल्स इथून किती लांब आहे? अर्धा तास?" ती म्हणाली. "त्याला म्हणावं, तिथेच थांब. आम्ही येतोय."

मी तसं पाठवलं. मग, 'मी इथेच आहे.'

आम्ही सामान तसंच गाडीत कोंबून निघालो. त्या दिवशीही सकाळी सर उतरून गेली होती. इमू वेल्सचा कच्चा रस्ता लाल मातीचा आहे. ओला झाला की कांगारूचं पिल्लू गेलं तरी त्यावर ठसा उमटतो. आम्ही फाटकापाशी आलो तेव्हा रस्ता फळ्यासारखा कोरा होता. आत आमच्याच गाडीच्या चाकांचे ठसे पडत गेले. टेबल रिकामं होतं. खुंटी होती. मी ती उपटून घेतली आणि उगाच पायवाटेच्या टोकापर्यंत जाऊन आले.

"दुसरा रस्ता असेल," मी म्हणाले.

"नाहीये. तुलाही माहीत आहे, नाहीये." डॉट बाकावर बसली आणि बाकाचा शेजारचा भाग तळहाताने चाचपून पाहू लागली. "इर्मा, हा आपल्याला फसवत असेल तर फारच हुशार आहे. आणि फसवत नसेल तर..."

"तर?"

"तर मला त्याला भेटायचंय."

तिने बेत केला तो असा. आपण पुढच्या ठिकाणाहून हाक देतो, तेव्हा हा मागच्या ठिकाणी असतो. मग आपल्यापैकी एकीने मागेच थांबायचं. लाँग लगूनला डॉट थांबेल, तिच्या छोट्या गाडीतून येऊन, तिचा संच लावून. मी पुढे स्टोनी गॅपला जाईन आणि हाक देईन. त्या भागात फोन लागत नाही. आम्हा दोघींमध्ये जे काही बोलणं होईल ते त्याच पाच वॉटांवर.

"आणि काही झालं तर?" मी विचारलं.

"काय होणार? पासष्टीच्या पुढच्या बाईला पळवून नेणारा आधी पाठदुखीचं औषध घेऊन येईल."

स्टोनी गॅपला वारा अजिबात नव्हता. भर दुपारची वेळ. खडक तापून त्यांचा लोखंडासारखा वास येत होता आणि एक मॅगपाय खांबावर बसून गाता गाता मध्येच गप्प झाला. मी हेडफोन लावले. आधी डॉटचा आवाज घेतला. तिची मोर्स म्हणजे कोंबडी दाणे टिपते तशी, पण ओळखू येते. 'मी बसलेय. कोणी नाही. केक खातेय.'

मग मी सगळ्यांसाठी हाक दिली.

'शुभ दुपार. विल्फ. लाँग लगूनवर आहे.'

मी डॉटला विचारलं, 'ऐकलंस?'

'काय? तुझंच ऐकू येतंय फक्त.'

डॉटच्या संचाला तो ऐकू जायला हवा होता. एवढ्या जवळून तर कान फाटतील असा.

'तुम्ही एकटे आहात का?' मी त्याला विचारलं.

मग एकेक अक्षर आलं. 'एक बाई आहेत. पिवळी टोपी. मी नमस्कार केला. त्यांना ऐकू आलं नाही.'

मी डॉटला काय आणि कसं पाठवलं मला आठवत नाही. एवढंच पाठवलं असेन, 'तो तिथे आहे. तुला बघतोय. गाडीत जाऊन बस.'

उत्तर यायला इतका वेळ लागला की मी उठून गाडीची किल्ली हातात घेतली होती. मग कोंबडीने दाणे टिपले. 'कुठे आहे विचार.'

'डॉट, निघ तिथून.'

'विचार ना बाई.'

मी विचारलं. विल्फ म्हणाला, 'त्यांच्या शेजारी. बाकावर. पण इथे त्यांची पिशवी आहे.'

मी ते जसंच्या तसं डॉटला पाठवलं. उत्तराची वाट बघत मी हेडफोन कानांवर इतके दाबले की माझंच रक्त ऐकू येत होतं. नंतर डॉटने मला सांगितलं की तेवढ्या वेळात ती काहीच विचार करत नव्हती. पाणवठ्यावरचे सगळे पक्षी एकदम उडाले होते आणि तिला फक्त एवढंच वाटलं की कोणी शेजारी बसलेलं असताना पिशवी मध्ये ठेवणं बरं दिसत नाही. तिने पिशवी उचलून खाली ठेवली. केकचा एक तुकडा कापला आणि कागदावर ठेवून त्या बाजूला सरकवला.

'त्याला सांग,' तिने पाठवलं, 'लोण्याचा आहे.'

मी सांगितलं. विल्फने जे पाठवलं त्यात त्याचा हात पहिल्यांदाच थोडा अडखळला. 'आभार सांगा. फार दिवसांनी.'

मग मी ते विचारलं जे आम्ही दोघींनी आधीच विचारायला हवं होतं. 'विल्फ, तुम्हाला काय हवंय?'

'तुम्ही घरी जाता तेव्हा,' तो म्हणाला, 'तिथून हाक देता का?'

मला त्याचा अर्थ तिथल्या तिथे कळला. आम्ही ज्या जागेवरून हाक देतो, पुढच्या हाकेला हा त्या जागी असतो. आम्हीच त्याला एकेक मुक्काम पुढे आणत होतो. मी जर एकदा घरून हाक दिली आणि नंतर दुसरीकडून दिली, तर त्या वेळी हा माझ्या स्वयंपाकघरात...

'नाही,' मी पाठवलं. 'घरून आम्ही कधीच देत नाही.'

'बरं,' तो म्हणाला. बस, एवढंच.

त्या संध्याकाळी डॉट आणि मी माझ्या ओट्यावर बसलो. तिने दुसऱ्यांदा शेरी ओतून घेतली. तिला भीती वाटलेली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं.

"तुकडा तसाच राहिला गं," ती म्हणाली. "मुंग्यासुद्धा चढल्या नाहीत. पण इर्मा, तिकडच्या बाजूला गार होतं. उन्हात बाक गार."

"आपण हे बंद करायचं," मी म्हणाले. "आजपासून."

"आणि तो स्टोनी गॅपच्या अलीकडेच राहील? त्या लगूनवर, चिखलात? उन्हाळ्यात सगळं आटतं तिथे. माणूस फिरकत नाही."

"डॉट, तो माणूस..."

"ते मला कळतंय. मी काही खुळी नाही." तिने ग्लास खाली ठेवला. "त्याला कुठेतरी बऱ्या जागी सोडू. मग बंद."

तिने समुद्र सुचवला. आम्ही दक्षिणेला किनाऱ्यावर गेलो, चार तासांचा रस्ता, कॅराव्हॅन पार्कमध्ये एक खोली घेतली. दीपगृहाखालच्या राखीव रानातून मी हाक दिली. तो स्टोनी गॅपवर होता. दुसऱ्या दिवशी थोडं पुढच्या भूशिरावरून दिली, आणि तो दीपगृहाखाली आला होता.

'खूप आवाज आहे इथे,' तो म्हणाला. 'पाणी का?'

'समुद्र,' मी सांगितलं. 'इथे माणसं येतात. उन्हाळ्यात पोरं येतात. बाक आहेत.'

'पुढे कुठे?'

मी डॉटकडे पाहिलं. ती वाऱ्यात टोपी धरून पाठमोरी उभी होती. 'पुढे कुठे नाही,' मी पाठवलं. 'आम्ही थांबतोय आता.'

हेडफोनमध्ये नुसता वारा आणि लांबच्या विजांची कुरकुर. मग त्याने आपलं नाव पाठवलं, एकदा, सावकाश, आणि नंतर काही नाही. मी काठी मिटली. परतीच्या वाटेवर डॉट मागे वळून समुद्राकडे बघत बसली, आणि मला वाटलं, सुटलो.

मी माझा संच कपाटात ठेवला. हिवाळा आला. मर्व्हिनला बरं वाटलं, मी शनिवारी घरी असते म्हणून. डॉट सुरुवातीला रोज फोन करायची, मग एकाआड एक दिवस, मग मीच करायला लागले. आवाज छान असायचा तिचा. फार छान. "कामात आहे गं," म्हणायची. त्या एका खोलीच्या घरात कसलं काम?

एका संध्याकाळी मी तिच्यासाठी भोपळ्याचं सूप घेऊन गेले. दिवस नुकताच मावळला होता, थंडी होती, तरी तिचं लाकडी दार सताड उघडं. फक्त बाहेरचं जाळीचं दार लोटलेलं. आत टेबलावर तिचा संच, आणि खिडकीच्या फटीतून बाहेर गेलेली पातळ वायर.

मी सूपचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. "डॉट, काय केलंस तू?"

"दोनच हाका दिल्या," ती म्हणाली. तिने केस विंचरलेले होते, गळ्यात मोती होते. "एक इथून. दुसरी खाली नदीच्या काठावरून. आता संच बंदच आहे, बघ. त्याची गरज नाही राहिली."

"तुला भीती नाही वाटत?"

"रात्री घरात दुसऱ्याचा वावर असला की झोप लागते गं. तुझ्याजवळ मर्व्हिन आहे, तो घोरतो म्हणून तू ओरडतेस." ती माझ्या हातातून भांडं घेत म्हणाली, "बस ना. यायची वेळ झालीच. दिवसा फिरून येतो."

तेवढ्यात दाराबाहेरच्या पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला.

सावकाश. आधी एक पाय, मग दुसरा. लांबून चालत आलेला माणूस चिखल काढतो तसा. जाळीतून मला पायपुसणं स्वच्छ दिसत होतं, वरचा दिवा लागलेला होता. तिथे कोणी नव्हतं. पायपुसण्याचे तंतू मात्र दाबले जात होते आणि उठत होते.

"आला," डॉट म्हणाली आणि तिचं तोंड उजळलं. खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त होतं. जाळीचं दार हललं नाही. फक्त खोलीतली हवा जराशी गार झाली आणि समोरच्या खुर्चीची वेताची वीण कुरकुरली.

मग पायपुसण्यावर पुन्हा आवाज झाला.

हे पाय हलके होते. भराभर घासत होते.

डॉटचं हसू तसंच राहिलं, पण तिने माझं मनगट धरलं. "रोज एकटाच येतो गं..." ती पुटपुटली.

त्यानंतर आणखी एक. जड, एक पाय ओढत. त्यानंतर आणखी. खोली थंड होत चालली, आमच्या तोंडातून वाफ दिसायला लागली. आणि त्यामागे, अंगणातल्या खडीवर, पार फाटकापर्यंत, रांगेत उभी राहिलेली माणसं अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकतात तशी बारीक करकर.

"डॉट," मी म्हणाले, "चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

तिने माझं मनगट सोडलं. थोडा वेळ ती दाराकडे बघत राहिली, चेहऱ्यावर तेच, बिळात हात घालतानाचं. मग तिने कपाट उघडलं. "एवढे कप नाहीत माझ्याकडे," ती म्हणाली. "उद्या येताना तुझे घेऊन ये."

मी एकटीच निघाले. अंगणात पाऊल टाकलं तेव्हा करकर एकदम थांबली. मी फाटकापर्यंत कशी गेले ते विचारू नका. अंगाला कोणी लागलं नाही, पण दोन्ही खांद्यांना थंडी वाजत होती.

गाडीत बसले, दार ओढलं, इंजिन सुरू केलं. डॉटच्या खिडकीत दिवा होता आणि ती टेबलावर काहीतरी मांडत होती. मी गाडी पुढे घेतली, आणि गाडीने पिंग पिंग करायला सुरुवात केली. समोर लाल दिवा लागला होता, शेजारच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नाही म्हणून.

सीटवर काही नव्हतं. पर्ससुद्धा माझ्या मांडीवर होती.

नदीच्या पुलापर्यंत मी तो आवाज तसाच ऐकला. मग काय करणार? हात लांब करून तो पट्टा ओढला आणि लावला. सैल बसला नाही तो.

आवाज बंद झाला.